आकडा वाचण्याआधी साल वाचा

कोल्हापुरात ४४३ हा आकडा कुणाला समजावून सांगावा लागत नाही. भाऊसाहेब निंबाळकर, डिसेंबर १९४८, पुणे, समोर काठियावाड. ब्रॅडमनच्या ४५२ ला नऊ धावा कमी असताना समोरच्यांनी सामनाच सोडून दिला आणि भाऊसाहेब ४४३ वर नाबाद राहिले. त्या आकड्यात भाऊसाहेबांची बॅट आहे, तसा समोरच्या कर्णधाराचा निर्णयही आहे. दोन्ही माहीत असल्याशिवाय ४४३ कळत नाही.

बेसबॉलमध्ये असाच एक आकडा आहे: .४४०. ह्यू डफी, बोस्टन, १८९४. दीडशे वर्षांच्या नॅशनल लीगमध्ये त्याच्या पुढे कुणी गेलेलं नाही. पण हा आकडा आजच्या फलंदाजाच्या आकड्याशेजारी ठेवून "तेव्हाचे गडी भारी होते" म्हणणं म्हणजे टेनिस बॉलच्या गल्ली क्रिकेटमधलं शतक रणजीच्या शतकाशेजारी ठेवण्यासारखं आहे. एकोणिसाव्या शतकात बेसबॉलचे नियम जवळजवळ दरवर्षी बदलत होते. चेंडू किती अंतरावरून टाकायचा, हात कुठून फिरवायचा, किती चेंडू चुकले की फलंदाजाला फुकट बेस द्यायचा, हिट कशाला म्हणायचं, सगळंच. म्हणून त्या काळच्या मोठ्या फलंदाजांची यादी वाचताना नावाआधी साल पाहावं लागतं.

आधी हिशेब. बेसबॉलची सरासरी म्हणजे हिट भागिले ॲट-बॅट, म्हणजे फलंदाजीच्या हिशेबात धरलेल्या संधी. फलंदाजाने चेंडू मारून सुरक्षित बेस, म्हणजे धावत गाठायचं ठाणं, गाठला की एक हिट. .३०० म्हणजे हजार संधींत तीनशे हिट. क्रिकेटवाल्याला हे कमी वाटतं, पण बेसबॉलमध्ये दहापैकी सात वेळा बाद होणारा माणूस चांगला फलंदाज असतो. ही मोजदाद रुजवण्यात मोठा वाटा हेन्री चॅडविकचा. तो इंग्लंडमधल्या एक्सेटरचा, न्यूयॉर्कला येऊन आधी क्रिकेटच्या बातम्या लिहिणारा. त्यामुळे बेसबॉलच्या धावफलकाचं मूळ क्रिकेटच्याच वहीत आहे.

उघडपणे पगारी असलेला पहिला संघ म्हणजे १८६९ चा सिनसिनाटी रेड स्टॉकिंग्ज. पहिली व्यावसायिक साखळी, नॅशनल असोसिएशन, १८७१ ला सुरू झाली. तिच्या पहिल्याच हंगामात फिलाडेल्फियाच्या लेव्ही मायर्लने .४९२ ची सरासरी काढली. १३० ॲट-बॅट, ६४ हिट. आकडा डोळे दिपवणारा, पण सामने सव्वीस! क्षेत्ररक्षक उघड्या हातांनी झेल घेत, मैदानं खडबडीत, आणि निसटलेला चेंडू हिट की चूक हे धावलेखकाच्या मनावर. मायर्ल स्वतः तिसऱ्या बेसवर उभा राहून भरपूर चेंडू सोडायचा, म्हणजे समोरच्यांच्या सरासरीलाही त्याचा हातभार लागायचा.

त्या दशकातला खरा गडी रॉस बार्न्स. १८७६ ला नॅशनल लीग सुरू झाली, त्याच वर्षी शिकागोकडून खेळताना त्याने .४२९ काढले. १३८ हिट, ३२२ ॲट-बॅट. जुन्या छापील यादीत मात्र हाच आकडा .४०४ दिसतो. दोन्ही बरोबर आहेत. १८७६ मध्ये वॉक, म्हणजे चुकलेल्या चेंडूंमुळे मिळालेला फुकट बेस, ॲट-बॅटमध्ये धरत होते. बार्न्सचे २० वॉक मिळवा, ३४२ होतात. १३८ भागिले ३४२ म्हणजे.४०४. त्या काळच्या एकाच हंगामाचे दोन वेगळे आकडे दिसले की पहिली शंका वॉकवर घ्यावी.

बार्न्सचं हत्यार होतं फेअर-फाऊल. तेव्हाचा नियम असा की चेंडू पहिल्यांदा रेषेच्या आत टप्पा पडला की तो वैध. नंतर तो कुठेही जावो. बार्न्स बॅट वरून खाली तिरकी आणायचा, जणू कोयत्याने ऊस छाटतोय. चेंडू होम प्लेटच्या, म्हणजे फलंदाजाच्या जागेच्या, पुढ्यात आत आपटायचा आणि बाजूच्या फिरकीमुळे तिसऱ्या बेसच्या रेषेबाहेर पळायचा. तिसऱ्या बेसवाला तिकडे धावेपर्यंत फलंदाज पहिल्या बेसवर. हा फटका अडवायला तिसऱ्या बेसवाल्याने रेषेला चिकटून, कधी रेषेबाहेर उभं राहायचं; मग त्याच्या नि शॉर्टस्टॉपच्या, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाच्या, मधली फट रुंदावायची आणि बार्न्स सरळ त्या फटीतून मारायचा. एका फटक्याच्या धाकाने दुसरा फटका मिळत होता. पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, तेव्हा पंचेचाळीस फुटांवरून, हात कमरेखाली ठेवून चेंडू टाके. छाटायला हे सोयीचं.

१८७७ ला नियम बदलला. चेंडू पहिला किंवा तिसरा बेस ओलांडेपर्यंत आत राहिला पाहिजे. त्या वर्षी बार्न्स २२ सामने खेळला, सरासरी .२७२. बहुतेक लेखांत इथे पूर्णविराम असतो: नियम गेला, फलंदाज संपला. पण तो त्या हंगामात हिवतापासारख्या दुखण्याने अंथरुणाला खिळला होता, पगारावरून क्लबाशी कोर्टकचेरीही झाली. सगळं खापर नियमावर फोडणं चुकीचं, आणि नियमाला निर्दोष सोडणंही.

पुढच्या दोन हंगामांत घोळ मैदानावरचा नव्हता, वहीतला होता. १८७८ चा सरासरीचा किताब तेव्हा ॲबनर डॅलरिंपलला दिला, कारण बरोबरीत सुटलेले सामने हिशेबात धरले नव्हते. ते धरले की प्रॉव्हिडन्सचा पॉल हाइन्स .३५८ ने पुढे येतो. १८७९ ला कॅप ॲन्सनची सरासरी .४०० च्या आसपास छापून आली. नंतर सामन्यागणिक मोजली तेव्हा .३१७ निघाली, आणि तो किताबही हाइन्सकडे गेला. बिचाऱ्याला हयातीत यातलं फारसं काही मिळालं नाही.

आता अंतराचं बघू, कारण १८८० नंतरचं सगळं त्यावर उभं आहे. १८८१ ला पिचर पंचेचाळीस फुटांवरून पन्नासवर गेला. १८८४ ला नॅशनल लीगने खांद्यावरून हात फिरवायला परवानगी दिली. १८८७ ला मागचा पाय साडेपंचावन्न फुटांवरच्या रेषेवर ठेवायची सक्ती आली. १८९३ ला साठ फूट सहा इंच झालं, ते आजही तेवढंच आहे. क्रिकेटमध्ये गोलंदाजाच्या रेषेपासून फलंदाजाच्या रेषेपर्यंत अठ्ठावन्न फूट; म्हणजे १८८४ चा पिचर आपल्या गोलंदाजापेक्षा आठेक फूट जवळून, पूर्ण जोराने, टप्पा न पाडता चेंडू सोडत होता. बॅट गोल, जास्तीत जास्त अडीच इंच जाड. १८८५ पासून बॅटची एक बाजू सपाट चालायची, १८९३ ला तीही बंद झाली. चेंडूचं वजन आणि घेर १८७२ ला ठरला तो आजतागायत तसाच आहे, पाच ते सव्वापाच औंस. फरक एवढाच की तेव्हा एकच चेंडू शक्य तितका वेळ चालवत, आणि शेवटच्या डावांपर्यंत तो मळून मऊ झालेला असे.

अशा काळात १८८४ ला शिकागोच्या नेड विल्यमसनने २७ होमरन, म्हणजे एका फटक्यात सगळे बेस फिरून धाव देणारे हिट, मारले. हा विक्रम ३५ वर्षं टिकला. १९१९ ला बेब रूथने २९ मारून तो मोडला. आता मैदान बघा. शिकागोच्या लेकफ्रंट पार्कची डावी भिंत होम प्लेटपासून १८० फूट, उजवी १९६ फूट. १८० फूट म्हणजे ५५ मीटर. फुटबॉलच्या मैदानात गोलच्या रेषेपासून मधल्या रेषेपर्यंत साधारण तेवढंच भरतं. शाहू स्टेडियमवर शनिवार-रविवार काढणाऱ्या पेठेतल्या कुठल्याही पोराला विचारा, गोलकीपरची किक तिथून पुढे सहज जाते. १८८३ पर्यंत या भिंतीवरून गेलेला चेंडू दोन बेसचा धरत. त्या वर्षी विल्यमसनच्या नावावर ४९ डबल आहेत. १८८४ ला क्लबने ठरवलं, भिंतीवरून गेला की होमरन. लगेच २७! त्यातले २५ घरच्या मैदानावर, बाहेर फक्त दोन. डबल ४९ वरून १८ वर. संघातल्या आणखी तिघांनी, फेफर, डॅलरिंपल आणि ॲन्सन यांनी, विसाच्या वर मारले. १८८५ ला क्लबने मैदान बदललं आणि विल्यमसनचे होमरन झाले तीन.

विल्यमसन वाईट खेळाडू नव्हता. तिसऱ्या बेसवर तो उत्तम गणला जाई. पण होमरनच्या यादीत त्याचं नाव दिसलं की घरचे आणि बाहेरचे वेगळे काढायचे, हा नियमच करून ठेवावा.

त्याच वर्षीचा फ्रेड डनलॅपचा .४१२ तर दोन ओळींत संपतो. युनियन असोसिएशन ही एकाच हंगामात गुंडाळलेली साखळी, त्याचा सेंट लुईसचा संघ ९४ जिंकला नि १९ हरला. पुढच्या वर्षी नॅशनल लीगमध्ये परतल्यावर त्याची सरासरी .२७०. तालमीतल्या नवख्या पोरांना चितपट करणं वेगळं आणि खासबागेत उतरणं वेगळं.

सगळ्यात मोठा गोंधळ १८८७ चा. त्या एका हंगामापुरतं ठरलं की वॉक म्हणजे हिट. शिवाय तीनऐवजी चार स्ट्राइकवर (स्ट्राइक म्हणजे फलंदाजाच्या खात्यावर धरलेला हुकलेला किंवा सोडलेला चांगला चेंडू) बाद, पाच चुकलेल्या चेंडूंवर वॉक. दुसरीकडे, उंच चेंडू हवा की खाली हवा हे पिचरला सांगण्याची फलंदाजाची जुनी सोय त्याच वर्षी काढून घेतली. अमेरिकन असोसिएशन या दुसऱ्या मोठ्या साखळीत सेंट लुईसचा टिप ओ'नील छापील यादीत .४९२ वर गेला. वॉक काढून टाकले की २२५ हिट, ५१७ ॲट-बॅट, .४३५. आज बहुतेक ठिकाणी हाच आकडा दिसतो. इथे मजा अशी की फुगा फोडल्यावरही खाली काहीतरी भक्कम उरतं: डबल ५२, ट्रिपल १९, होमरन १४, आणि तिन्हींत तो साखळीत पहिला. 

नॅशनल लीगमध्ये मात्र फुगा फुटला तो किताबासकट. ॲन्सनला तेव्हा .४२१ ने पहिला ठरवलं. त्याचे हिट १६४, ॲट-बॅट ४७२, वॉक ६०. वॉक मिळवून २२४ भागिले ५३२, बरोबर .४२१. वॉक बाजूला काढले की .३४७. डेट्रॉइटच्या सॅम थॉम्पसनचे २०३ हिट ५४५ मध्ये, .३७२. म्हणजे जुन्या वहीत ॲन्सन पहिला, नव्या वहीत थॉम्पसन. ॲन्सनचे कारकिर्दीतले हिट तीन हजारांच्या वर की खाली हा वादही इथूनच येतो: १८८७ चे वॉक धरायचे का, आणि १८७१ ते १८७५ ची नॅशनल असोसिएशन मोठी साखळी मानायची का. कुठल्या यादीत काय धरलंय ते पाहिल्याशिवाय त्याचा एकूण आकडा वापरू नये.

ॲन्सनबद्दल आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. कृष्णवर्णीय खेळाडू समोर असतील तर तो मैदानात उतरायला नकार द्यायचा, आणि १८८० च्या दशकापासून मोठ्या साखळ्यांची दारं त्यांना जवळजवळ साठ वर्षं बंद झाली. मोझेस फ्लीटवुड वॉकर १८८४ ला टोलेडोकडून खेळला होता. त्याच्यानंतर थेट १९४७ ला जॅकी रॉबिन्सन. म्हणजे १८९० च्या दशकातले 'सर्वोत्तम' फलंदाज हे ज्यांना खेळू दिलं त्यांच्यातले सर्वोत्तम. २०२४ मध्ये निग्रो लीगचे, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या साखळ्यांचे, आकडे अधिकृत वहीत घेतले तेव्हा जॉश गिब्सनचा १९४३ चा .४६६ सगळ्यांच्या वर गेला आणि डफीचा .४४० खाली सरकला.

या गदारोळात कुणावर विश्वास ठेवायचा? माझं मत डॅन ब्रुदर्सवर. सहा फूट दोन इंच, डावखुरा, दोनशे पौंडांच्या वर. सरासरीचे पाच किताब: १८८२, १८८३, १८८९, १८९१ आणि १८९२. पहिले दोन बफेलोकडून, पिचरचा हात अजून खांद्यावर यायचा होता तेव्हाचे. नंतरचे तीन खांद्यावरून येणाऱ्या वेगवान चेंडूंवर, दुसऱ्या क्लबांकडून. १८९४ ला, छत्तिशीत, साठ फुटांवरच्या पिचरसमोर बाल्टिमोरकडून .३४७. नियम बदलले, मैदानं बदलली, आकडा तिथल्या तिथे. कारकिर्दीची सरासरी .३४२.

त्याच्या शेजारी रॉजर कॉनर. १३८ होमरन, २३३ ट्रिपल. हा १३८ चा विक्रम रूथने १९२१ ला मोडला, पण मोडला तेव्हा कुणाला कळलंच नाही, कारण कॉनरचे एकूण किती हे कुणी नीट मोजलेलं नव्हतं. हँक ॲरन १९७४ ला रूथच्या पुढे गेला, तेव्हा रूथच्या आधी कोण होता याचा शोध सुरू झाला. होमरनमध्ये कॉनर साखळीत पहिला आला तो फक्त एकदा, १८९० च्या प्लेयर्स लीगमध्ये, १४ मारून. वर्षाला सरासरी सात-आठ आणि अठरा वर्षं, अशी ती बेरीज आहे. १८८६ ला न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवरून त्याने चेंडू बाहेरच्या रस्त्यावर घालवला, तेव्हा शेअर बाजारातल्या चाहत्यांनी वर्गणी काढून त्याला सोन्याचं घड्याळ दिलं. आपल्याकडे चांदीची गदा देतात, तसंच.

लुईव्हिलच्या पीट ब्राउनिंगबद्दल थोडक्यात. कारकिर्दीची सरासरी .३४१, कान जवळजवळ निकामी, आणि प्रत्येक बॅटला नाव ठेवायची सवय. १८८४ ला त्याची बॅट तुटली, हिलरिक नावाच्या सुताराच्या पोराने त्याला नवी घडवून दिली आणि त्यातून लुईव्हिल स्लगर बॅटचा कारखाना उभा राहिला, ही गोष्ट सगळीकडे छापलेली असते. गोष्ट म्हणून छान आहे. पुरावा म्हणून वापरू नये.

आता डफीकडे. १८९३ ला पिचर साठ फूट सहा इंचांवर गेला आणि नॅशनल लीगची एकूण सरासरी .२४५ वरून .२८० झाली. १८९४ ला .३०९. कारण सरळ आहे: वळणारा चेंडू त्या वाढीव अंतरात लवकर वळून मोकळा व्हायचा, वेगवान चेंडू बघायला फलंदाजाला क्षणभर जास्त मिळायचा, आणि साडेपंचावन्न फुटांच्या हिशेबाने घडलेले पिचरचे खांदे थकायचे. १८९४ ला फिलाडेल्फियाचे चार आउटफिल्डर (लांबवरचे क्षेत्ररक्षक), डेलाहँटी, थॉम्पसन, हॅमिल्टन आणि टर्नर, चौघेही .४०० च्या वर होते. तरी संघ चौथा आला! धावा सगळ्यांनाच निघत होत्या. त्याच वर्षीच्या मे महिन्यात बोस्टनचं मैदान आगीत जळालं, संघ तात्पुरता दुसऱ्या मैदानावर गेला आणि तिथल्या जवळच्या डाव्या भिंतीवरून ३० मे १८९४ ला बॉबी लोने एका सामन्यात चार होमरन मारले. असं करणारा तो पहिला.

डफीचे त्या वर्षी ५३९ ॲट-बॅटमध्ये २३७ हिट, १८ होमरन. एक सोपा हिशेब करून बघा. फलंदाजाची सरासरी भागिले त्या साखळीची त्या वर्षीची सरासरी. डफी: .४४० भागिले .३०९, म्हणजे १.४२. बार्न्स, १८७६: .४२९ भागिले .२६५, म्हणजे १.६२. आपल्या काळातल्या सरासरी फलंदाजापेक्षा बार्न्स जितका पुढे होता, तितका डफी नव्हता. अर्थात बार्न्सच्या साखळीत आठच संघ आणि तो खेळला ६६ सामने. थोड्या सामन्यांत आकडे वरखाली जास्त होतात. हा भागाकार निकाल देत नाही, फक्त नजर ताळ्यावर आणतो.

शतकाच्या शेवटी येतो विली कीलर. पाच फूट चार इंच. आखूड बॅट, तीही मधोमध धरायची. क्षेत्ररक्षक नसेल तिथे मारा, हे त्याचं बोलणं बेसबॉलमध्ये म्हणीसारखं झालंय. बाल्टिमोरच्या मैदानावर होम प्लेटपुढची माती ठोकून कडक केलेली असे. कीलर चेंडू मुद्दाम खाली त्या मातीवर आपटायचा. चेंडू उंच उडायचा आणि खाली येईपर्यंत हा नव्वद फूट पळून पहिल्या बेसवर. १८९७ ला हंगामाच्या सुरुवातीपासून सलग ४४ सामन्यांत किमान एक हिट, आणि अखेर ५६४ मध्ये २३९, .४२४. १८९८ ला २१६ हिट, त्यातले २०६ एकेरी. एका हंगामातल्या एकेरी हिटचा तो विक्रम २००४ मध्ये जपानच्या इचिरो सुझुकीने मोडला.

कीलरच्या आकड्यालाही तेव्हाच्या नियमाचं पाठबळ होतं. रेषेबाहेर गेलेला फाऊल फटका तेव्हा स्ट्राइक धरत नव्हते. १८९४ पासून फक्त फाऊल बंट, म्हणजे बॅट न फिरवता हलकेच ढकललेला पण रेषेबाहेर गेलेला चेंडू, धरत. त्यामुळे हात बसलेला फलंदाज नको ते चेंडू बाहेर ढकलत राहायचा, पिचर थकून एखादा मधोमध सोडेपर्यंत. बाल्टिमोरचा जॉन मॅकग्रॉ यात पटाईत. नॅशनल लीगने १९०१ ला आणि अमेरिकन लीगने १९०३ ला पहिले दोन फाऊल स्ट्राइक म्हणून धरायला सुरुवात केली. कीलर १९०१ ला नव्या नियमाखाली .३३९ वर होता, पुढे न्यूयॉर्कला अमेरिकन लीगमध्ये गेल्यावर १९०४ ला .३४३, आणि १९०६ पर्यंत त्याची सरासरी .३०० च्या खाली गेली नाही.